‘ड्राइव्ह’, १९९७ चा

मंगळवार, रात्री

या पिक्चरचं नशीब नावापासूनच फुटकं. ‘ड्राइव्ह’ शोधायला जावं तर आधी २०११ चा रायन गॉसलिंगवाला समोर येतो, त्याच्यामागे २०१९ चा आपला हिंदी. दिग्दर्शक स्टीव्ह वँगचा १९९७ चा ‘ड्राइव्ह’ पार तळाला. बरं, नावावरून वाटावं की गाड्यांच्या शर्यती असतील. प्रवास आहे, सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला जायचं असतं दोघांना. पण आत इतकी देखणी मारामारी आहे आणि ती इतकी हसवते, याचा त्या नावावरून पत्ताच लागत नाही.

भाच्यानं लावून दिला. परीक्षा संपली तरी अमरावतीला परत जायचं नाव नाही त्याचं. दुपारी बाहेर पंचेचाळीसच्या वर गेलेलं, कूलरमध्ये बादल्या ओतून माझे खांदे भरून आलेले, आणि हा गादीवर लोळत सांगतो, "मावशी, तू पीटीची मास्तरीण ना? मग हे पाह्यच. घरात तुलेच समजन." मध्ये लाइट गेली. अंधारात घाम पुसत आम्ही दोघं आधीच्या मारामारीवर वाद घालत बसलो, तेव्हाच मला कळलं की पिक्चर आपल्याला धरून आहे.

गोष्ट एवढीशी. टोबी वाँग हाँगकाँगहून पळून आलेला. त्याच्या छातीत एक यंत्र बसवलेलं आहे, त्यानं त्याचा वेग आणि ताकद वाढते. लॉस एंजेलिसच्या एका कंपनीला ते पन्नास लाख डॉलरला द्यायचं ठरलंय. ज्यांनी बसवलं त्यांना ते परत हवंय, म्हणून मागावर मारेकरी. वाटेत एका बारमध्ये मलिक भेटतो. मलिकला गाणी लिहायची आहेत आणि त्याचं बाकी सगळं बिनसलेलं आहे. टोबी त्याला जवळजवळ ओढूनच नेतो, नंतर निम्मे पैसे देतो म्हणतो. मग रस्ता, मोटेल, शेवटी लॉस एंजेलिस.

यातला विज्ञानाचा भाग म्हणाल तर तेवढा छातीतला डबा. प्रयोगशाळा नाहीत, पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ फळ्यावर काही समजावत नाहीत. मला हे फार आवडलं. हाँगकाँगच्या पिक्चरमध्ये माणूस भिंतीवरून धावला तर कोणी कारण विचारत नाही, अमेरिकेतल्या प्रेक्षकाला कारण लागतं. वँगनं कारण दिलं, एका वाक्यात मिटवलं आणि कामाला लागला. पुढं खरंखुरं करून दाखवणारा टोबी, म्हणजे मार्क डकास्कोस, आहेच. याचे वडील, मूळचे हवाईचे अल डकास्कोस, यांनी वुन हॉप कुएन डो नावाची स्वतःची युद्धकला उभी केली, सावत्र आईसुद्धा त्यातलीच. पोरगा लहानपणापासून त्यातच वाढला. त्याची लाथ डोक्याच्या वर जाते तेव्हा दुसरा पाय जमिनीवर कसा रोवलेला असतो, ते पाहावं. कॅमेरा कमरेवर येऊन लपवालपवी करत नाही.

बुधवार

सकाळी सहाला ग्राउंडवर. उन्हाळी शिबिर, सातवी-आठवीची पोरं. आज पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला लागताना तळहात जोरात आपटायचा म्हणजे मार अंगात न जाता हातातून निघून जातो. पोरांना पडायची लाज वाटते. पडणं म्हणजे हरणं, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की खो-खोत सूर मारायलासुद्धा अर्धी पोरं आधी मान ताठ करतात. मान ताठ केली की दुखापत ठरलेली.

आणि डोक्यात सारखी कालची माणसं. टोबी नाही, टोबीचा मार खाणारी. पिक्चरमधली लाथ मारणाऱ्यामुळे खरी वाटतच नाही, ती खाणाऱ्यामुळे खरी वाटते. लाथ बसते, खाणारा हवेत फिरतो, टेबलाच्या कडेला आदळतो, तिथून आणखी एकदा घरंगळतो. त्या दुसऱ्या घरंगळण्यात हसू आहे. एकदाच पडला असता तर ती नुसती मारामारी झाली असती.

हे काम अल्फा स्टंट्स नावाच्या चमूचं आणि त्यांचा म्होरक्या कोइची साकामोतो, जपानमधून अमेरिकेत गेलेला. भाच्यानं सांगितलं की ‘पॉवर रेंजर्स’मागेही वर्षानुवर्षं हाच माणूस होता. मी म्हटलं, म्हणजे लहानपणी पलंगावरून उड्या मारून तू माझ्या बहिणीची गादी फाडलीस ती याच्यापायी! पोरांच्या मालिकेत रबरी राक्षसांना ज्या कोलांट्या खाव्या लागायच्या, त्याच इथं मोठ्या माणसांना साध्या कपड्यांत खाव्या लागतात. वँग आणि साकामोतो याआधी १९९४ च्या ‘गायव्हर: डार्क हिरो’मध्ये एकत्र होते. वँग मुळात राक्षसांचे मुखवटे आणि अंगं बनवणारा कारागीर, ‘प्रेडेटर’च्या राक्षसावरही त्याचा हात फिरलेला. अशा माणसाला अंगाचं वजन कळतं. कुठला भाग आधी टेकणार, कुठला मागून येणार, हे त्याच्या डोळ्यांत असतं.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते, शिबिरातल्या मोठ्या पोरांना सांगायला. हाँगकाँगची जुनी रीत अशी: सेकंदाला चोवीस चित्रं दाखवायची असतात तिथं बावीसच घ्यायची, म्हणजे पडद्यावर हालचाल थोडी चपळ होते, पण डोळ्याला फसवल्यासारखं वाटत नाही. आणि जोडताना ठोसा लागला ती दोन-तीन चित्रं दोनदा येऊ द्यायची. एकदा लांबून लागतो, लगेच जवळून तोच पुन्हा लागतो, बघणाऱ्याला जोर दुप्पट वाटतो. आपल्याकडे याच्या बरोबर उलट चालतं. ठोसा निघाला की काट, लागला की काट, मध्ये नुसता आवाज.

संध्याकाळी बेड्यांचा प्रसंग परत लावायला लावला. टोबी आणि मलिक एकाच बेडीत अडकलेले, आणि अंगावर माणसं येतात. एकाला सगळं येतं, दुसऱ्याला काहीच नाही, आणि दोघांचा एक एक हात एकमेकांचा. आमच्या गॅदरिंगमधली तीन पायांची शर्यतच ती, फक्त समोर सुरे-पिस्तुलं. पण बघा, टोबी मलिकला नुसतं ओझं म्हणून ओढत नाही. त्याच्या वजनावर झोका घेतो, बेडीच्या साखळीवर वार अडवतो. मलिकची तोंडाची बडबड थांबत नाही. त्याची बडबड आणि टोबीचे पाय एकाच तालात आहेत. मलिकचं काम केलेला केडीम हार्डिसन ‘अ डिफरंट वर्ल्ड’ या मालिकेतला, म्हणजे विनोदाची वेळ साधण्यात मुरलेला. दोन प्रकारची माणसं एकत्र बांधली आणि दोघांचंही कसब चाललं. हे क्वचित होतं.

शुक्रवार

कालचा दिवस लिहिण्यासारखा नव्हता. बर्डीच्या बाजारात गेले, डोकं दुखलं, परत आले.

मला राग कशाचा येतो ते आज लिहिते. इतकं सगळं जमलेलं असताना अमेरिकेत हा पिक्चर थिएटरला नीट लागलाच नाही, थेट घरच्या पडद्यावर गेला. त्याआधी विकणाऱ्यांनी कात्री चालवली. जवळजवळ दोन तासांचा पिक्चर शंभर मिनिटांच्या आसपास आणला, संगीतही बदललं. दिग्दर्शकाची पूर्ण प्रत बाहेर पोचली तेव्हा कुठं लोकांना कळलं की काय होतं. आम्ही पाहिली ती लांबवाली. मधल्या गप्पा, गाडीतलं भांडण, मलिकचं गाणं, हे काढून टाकलं की उरतात नुसत्या लाथा. त्या किती का चांगल्या असेनात, माणूस तिसऱ्या लाथेला कंटाळतो. श्वास घ्यायला जागाच नको? मी पोरांना शंभर मीटर पळवून लगेच परत शंभर मीटर पळवत नाही, मध्ये चालवते.

तारखा पाहिल्या की अजूनच जीव जळतो. आशियाई लढवय्या आणि तोंडाळ काळा जोडीदार, ही जोडी घेऊन जॅकी चॅनचा ‘रश अवर’ १९९८ मध्ये आला आणि जगभर धावला. १९९९ मध्ये ‘मॅट्रिक्स’ आला, युआन वू-पिंगनं त्यात मारामाऱ्या बसवल्या, आणि सगळे म्हणाले की हाँगकाँगची कला हॉलिवूडला आता कळली. इथं दोन वर्षं आधी कमी पैशांत हे सगळं करून बसलेले! मी ‘मॅट्रिक्स’ला नावं ठेवत नाही, तो मोठाच आहे. पण त्यात शिकवून तयार केलेले नट लढतात, इथं लढणारी माणसं नट झालेली आहेत. मला दुसरं जास्त आवडतं. तो माझा धंदा आहे म्हणूनही असेल.

डकास्कोसला मोठं नाव मिळायचं ते तेव्हा राहिलंच. पुढं अमेरिकेत स्वयंपाकाच्या स्पर्धेच्या कार्यक्रमात तो ‘चेअरमन’ म्हणून दिसायचा, ‘आयर्न शेफ अमेरिका’त. तिथला रुबाबदार माणूस म्हणून लोक ओळखू लागले. २०१९ मध्ये ‘जॉन विक’च्या तिसऱ्या भागात तो मारेकरी झाला, ज्याला मारायला निघालाय त्याचाच चाहता असलेला. पंचावन्नच्या आसपासचं वय आणि तरी ती चपळाई, आणि विनोद अगदी तोच, ‘ड्राइव्ह’मधला. भाचा म्हणाला, "पाहून राहिली ना? बावीस वर्षं वाट पाहिली त्यानं." मी म्हटलं, त्यानं वाट पाहिली नाही रे, कामावर होता तो. बघणारे उशिरा आले.

ब्रिटनी मर्फीबद्दल दोन ओळी. मोटेलमधली ती चक्रम पोरगी, डिलिव्हरन्स. आली की पडदा तिचा. डोळे, हात, आवाज, सगळं एकाच वेळी तीन दिशांना. कोणीही दुसरी असती तर ती भूमिका वैताग झाली असती. तेव्हा ती जेमतेम अठरा-एकोणीसची. २००९ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेली. हे माहीत असून तिच्या प्रसंगांवर मी खो खो हसले, आणि मग काही वेळ पिक्चर थांबवून पाणी प्यायला उठले.

रविवार

सकाळी तर्री-पोहे आणले, त्या लाचेवर नवऱ्याला बसवलं. त्याला क्रिकेट सोडून पडद्यावर धावणारं काही चालत नाही. पहिल्या बंदुकांनाच म्हणाला, "हे काय पोरकट." त्याचं सगळंच चूक नाही. बंदुका आणि स्फोट जरा जास्तच आहेत. काही विनोद शिळे झाले आहेत, एकमेकांच्या वंशावरून टोमणे मारण्यात तेव्हा गंमत वाटायची, आज ओठ आवळले जातात. मारेकऱ्यांचा मोठा, तो काउबॉयसारखा फिरणारा व्हिक मॅडिसन, सुरुवातीला झकास आहे आणि मग त्याचं तेच तेच होतं.

आणि मग तो बेडूक. पिक्चरमधल्या टीव्हीवर मधूनमधून एक कार्यक्रम दिसतो, ‘वॉल्टर द आइन्स्टाइन फ्रॉग’. आइन्स्टाइनचं डोकं असलेला बेडूक. गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. नवरा चिडला: काहून आहे हा बेडूक? भाचा आणि मी एका बाजूला. माझं म्हणणं, छातीत यंत्र बसवलेला माणूस ज्या जगात सरळ रस्त्यानं हिंडतो, त्या जगातल्या टीव्हीवर असंच काहीतरी लागणार. यंत्रावर विश्वास बसतो तो या बेडकामुळे. वँगनं सांगितलंच आहे की हे गंभीरपणे घेऊ नका, आणि एकदा ते सांगितल्यावर मारामाऱ्या मात्र अगदी गंभीरपणे केल्या. नवऱ्याला पटलं नाही.

शेवटच्या मारामारीला मात्र तो पोहे खायचा थांबला. क्लबचं नाव ‘अपोलो १४’, आत सगळं जुन्या अंतराळयुगाच्या थाटात सजवलेलं. तिथं टोबीसमोर येतो नवीन मॉडेल, त्याच्यापेक्षा सुधारित यंत्र बसवलेला, मासाया कातो. ज्याच्या अंगात विज्ञान आहे त्याच्यासमोर त्याहून जास्त विज्ञान. इथं टोबीला पहिल्यांदा खराखुरा मार बसतो. आतापर्यंत दुसऱ्यांना पाडणारा हा पडू लागतो, आणि पडतोही किती छान. हनुवटी छातीला. मी टीव्हीपाशी जाऊन बोट ठेवून दाखवलं, हे पाहा, तळहात पाहा.

"मावशी, बाजूला हो ना, दिसून नाही राहिलं," भाचा ओरडला.

नवरा म्हणाला मागे कर. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला, अमरावतीहून बहीण, केव्हा येतो म्हणून. त्याला म्हटलं तिला सांग, पुढच्या आठवड्यात. ‘गायव्हर’ बघायचा राहिलाय अजून.