तुम्ही विचारलंत म्हणून : वाफ्यावर काय पसरू?

हा प्रश्न मला भाजीवालीच्या पाटीपाशी विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना विचारलाय. "काकू, वाफ्यावर आच्छादन कसलं घालू?" विचारणाऱ्याला एका वस्तूचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, "तुमच्या दारात गळतं काय?" मग त्यांना वाटतं, काकू टाळतायत. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकते.

माझी बाग साताऱ्यात. घरामागे भाजीचे चार वाफे, एकेक दहा बाय चार फुटांचा, आणि कुंपणाच्या कडेला फुलझाडं. माती काळी. पावसात चपलेला चिकटून घरात येते आणि एप्रिलात तिला इतक्या भेगा पडतात की बोट आत जातं. त्या भेगा बघूनच मी पहिल्यांदा मातीवर काहीतरी पांघरायचं ठरवलं.

सुरुवात मात्र भलत्याच टोकाकडून झाली. एका रोपवाटिकेत पांढरे गुळगुळीत खडे दाखवले, "मॅडम, तण येणार नाही, दिसायलाही छान." दिसायला छान होतेच. गुलाबांच्या आळ्यात पसरले, फोटो काढून बहिणीला पाठवले. मार्च संपता संपता भर दुपारी अनवाणी तिथे गेले आणि उडी मारून मागे आले. खालून खड्यांची धग, वरून ऊन. गुलाबाची खालची पानं कडेने करपली होती. त्यात वाऱ्याने धूळ आली, धुळीत हराळी रुजली, आणि खुरपं घालायला गेलं की नुसतं खडखड. ते खडे वेचण्यात दोन रविवार गेले. अजूनही कोथिंबीर उपटताना एखादा हाताला लागतो. अडेनियम, कोरफड, निवडुंग यांना खडी चालते, कारण त्यांचं खोड बुडाशी कोरडं राहावं लागतं. गुलाबाला नको.

त्यानंतर सुताराकडचा भुसा. फुकट होता, यातच सगळं आलं. दोन-तीन पाण्यांत त्याची अशी पापडी धरली की वरून घातलेलं पाणी वाफ्याबाहेर वाहून जायचं आणि खाली माती कोरडी ठणठणीत. मग मी शहाणपणा करून तो भुसा मातीत कालवला. पुढची मेथी पिवळी आली. लाकडात कार्बन भरमसाट आणि नत्र नावालाच असतं. ते कुजवणारे जिवाणू लागेल तेवढं नत्र मातीतून ओढून घेतात आणि मेथी उपाशी राहते. असली काष्ठाची वस्तू वर पसरलेली असेल तर ही ओढाताण फक्त मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरती होते, कालवली की मुळांपर्यंत पोचते. शिवाय तो भुसा बराचसा प्लायवूडचा होता, म्हणजे त्यात डिंकही आला. भाजीच्या वाफ्यात तो मी पुन्हा घातला नाही.

मग एका वर्षी जाऊबाईंच्या शेतातला ऊस तुटला आणि मी टेंपोतून पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, आणलं. पाचट हाताळायचं तर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पानांना धार असते आणि देठाकडच्या भागाला कुसळं. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात लाल. लांब पानं तशीच टाकली तर वाऱ्याने शेजाऱ्यांकडे जातात. म्हणून ओंडक्यावर ठेवून कोयत्याने वीतवीतभर तुकडे केले, वाफ्याला आधी भरपूर पाणी दिलं, वर पाचट पसरलं आणि त्यावर पुन्हा झारीने शिंपडलं, म्हणजे ते बसतं.

दोन वाफे झाकले, दोन मुद्दाम उघडे ठेवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही वाफ्यांत बोट खुपसून बघितलं. उघड्या वाफ्यात बोट पहिल्या पेरालाच अडलं. झाकलेल्यात पाचट बाजूला सारलं तर खालची माती गार, भुसभुशीत. मुठीत दाबली की गोळा व्हायचा आणि अंगठ्याने ढकलला की फुटायचा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो हाच. मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत (बियांना चोळायचं), जीवामृत (मातीला द्यायचं शेण-गोमूत्राचं द्रावण), आच्छादन आणि वाफसा अशी चार चाकं सांगतात. त्यांच्या सगळ्याच म्हणण्याशी माझं जमत नाही, पण शेवटची दोन चाकं एकाच आसावर आहेत हे मला त्या संध्याकाळी बोटाने कळलं. एक दिवसाआड घालायचं पाणी त्या उन्हाळ्यात चौथ्या दिवसावर गेलं.

म्हणून पाचटच सर्वांत चांगलं का? नाही. ते माझ्याजवळ होतं, एवढंच. रसवंतीतली चिपाडंही आणून बघितलीत मी. त्यांत गोडी उरलेली असते; न वाळवता टाकलीत तर मुंग्या आणि माश्यांचं संमेलन भरतं. आठवडाभर कडक उन्हात वाळवून मगच घाला.

पाचोळ्यातही सगळी पानं सारखी नसतात. गुलमोहराची बारीक पानं बघता बघता मातीत मिसळतात. आंब्याची पानं जाड, चिवट; अख्खी एकावर एक बसली की कौलं घातल्यासारखं पाणी अडवतात, म्हणून पायाखाली चुरडून घ्यावीत. बांबूची पानं फार सावकाश कुजतात, त्यामुळे झाडांच्या आळ्यांना बरी. निलगिरीची मी भाजीला घालत नाही, तिच्या पानांतला अर्क कोवळ्या रोपांना दाबतो. आणि बांधावर गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडियाचं) झाड असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच! त्याचा हिरवा पाला वाफ्यावर टाकला की लवकर विरतो आणि नत्रही देऊन जातो. झाकण म्हणून मात्र तो टिकत नाही, सारखा घालत राहावा लागतो.

"किती घालू?" हे कुणी विचारत नाही, आणि गफलत तिथेच होते. चार पानं भुरभुरवून तण थांबत नाही. थर बसल्यावर दोन-तीन इंच राहिला पाहिजे, म्हणजे घालताना सैल वीतभर. माझ्या एका वाफ्याला तीन इंचांचा थर म्हणजे 10 घनफूट. पाचोळा दाबून भरलेली चार मोठी पोती सहज जिरतात. खोडाभोवती चार बोटं मोकळी ठेवायची, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो. मेथी-कोथिंबिरीच्या बियांवर काही घालू नये, रोपं बोटभर होऊ द्यावीत. आणि लव्हाळ्याची गाठ जमिनीत असेल तर पाचोळ्याच्या भरवशावर राहू नका. तो प्लास्टिकलासुद्धा टोचून वर येतो.

प्लास्टिकचं आठवलं. इथून वर महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात तर स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर चंदेरी-काळा कागद ताणलेला दिसतो. तिथे त्याला कारण आहे. फळ जमिनीला टेकलं की सडतं, खालून ठिबक असतं, आणि हंगाम संपला की कागद काढतात. घरच्या वाफ्यात तो घालून लोक मला दाखवतात तेव्हा मी काही बोलत नाही, पण मनात म्हणते, आता गांडुळांना वरून खायला काय मिळणार? वर्ष-दोन वर्षांत उन्हाने त्याच्या चिंध्या होतात आणि त्या मातीतून वेचत बसावं लागतं. खडे वेचलेली बाई सांगतेय हे.

खरी भानगड पावसाळ्यात. माझं माहेर गुहागरकडचं. तिकडे हळद लावली की वाफ्यावर लगेच पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरायचे, ऐन पावसात. धो धो सरी उघड्या मातीवर पडल्या तर माती वाहून जाते, आणि जांभ्याच्या मातीत पाणी साचत नाही. आईचं बघून मी इथेही जूनमध्ये वांगी-मिरचीला जाड थर दिला. जुलैत काळी माती चिखल धरून बसली, वरून पाचट तिला वाळू देईना, आणि एका रात्री टॉर्च घेऊन गेले तर पाचटाखालून गोगलगायी निघाल्या. मोजायला लागले, तीसनंतर सोडून दिलं. सकाळी मिरचीची रोपं म्हणजे नुसत्या काड्या. पातेरा आईचाच, पण माती तिची नव्हती.

तेव्हापासून मी मृगाच्या आधी भाजीच्या वाफ्यांवरचं उरलंसुरलं ओढून खतखड्ड्यात टाकते आणि परतीचा पाऊस ओसरला, दसऱ्याच्या आसपास माती वाफशावर आली की नव्याने पसरते. हळदीच्या वाफ्याला तेवढी सूट. तो मी उंच केलाय, पाणी निथळतं, त्यामुळे तिथे माहेरची रीत चालते. घराच्या भिंतीला लागून मात्र कधीच काही ठेवत नाही, वाळवीला आयती वाट नको.

कोकोपीट? ते मातीत मिसळायला ठीक. वर पसरलं तर उडतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे मिळाले तर घ्या, पण एक-दोन पाण्यांत भिजवून ते पाणी टाकून द्या. त्यात क्षार असतात.

शेजारचे आजोबा पूर्वी रोज सकाळी पाचोळा पेटवायचे आणि धूर आमच्या दोरीवरच्या कपड्यांत. भांडण होण्याआधी मी रिकामी पोती नेऊन दिली. आता ते पोतं भरून आमच्या फाटकाला टेकवून जातात. ओतायच्या आधी मी हाताने चाळून घेते. गुटख्याच्या पुड्या, दूध पिशवीचे कोपरे काय काय निघतं. गेल्या मंगळवारी आजोबांचा चष्मा निघाला. ते तो दोन दिवस देवघरात शोधत होते.