चामखिळीला गोवराची लस

सासूबाई म्हणाल्या, घोड्याचा केस बांध. शाळेतल्या शिपाईमामांनी चुना सुचवला. बोटावरच्या चामखिळीला केस एक वेळ बांधता येईल, टाचेत दबलेल्या चामखिळीला कुठून बांधणार? घरात तर सगळे तिला कुरूपच म्हणत. त्वचेच्या डॉक्टरांनी ब्लेडने वरचा कडक थर तासला, तेव्हा आत काळे ठिपके दिसले. त्या गोठलेल्या केशवाहिन्या. कुरूप असतं तर त्या दिसल्या नसत्या.

मग सॅलिसिलिक अॅसिड झालं, द्रव नायट्रोजनने गोठवूनही झालं. टाचेला फोड यायचा, चालणं बंद व्हायचं, आणि काही दिवसांनी बाई पुन्हा हजर. वर नखाशेजारी दोन नव्या.

मी हडपसरची. चामखीळ एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूमुळे होते आणि एचपीव्हीची 'सर्व्हावॅक' लस तर आमच्या पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट बनवते. २०२२ मध्ये तिला परवानगीही मिळाली. तीच द्या की, असं मी डॉक्टरांना म्हटलं.

त्यांनी केसपेपरच्या मागे आकडेच लिहिले. या विषाणूचे २०० हून जास्त प्रकार. सर्व्हावॅकमध्ये ६, ११, १६ आणि १८. त्यातले १६ आणि १८ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे, ६ आणि ११ जननेंद्रियांवरच्या चामखिळींचे. हातापायांवर येतात ते मुख्यतः १, २, ४, २७, ५७. लशीत विषाणूच्या कवचाचं एल-१ हे प्रथिन असतं आणि ते प्रकारागणिक बदलतं, त्यामुळे एकासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याला सहसा ओळखत नाहीत. एल-२ नावाच्या प्रथिनाचा काही भाग बऱ्याच प्रकारांत सारखा असतो, म्हणून त्यावरून सगळ्यांना पुरणारी लस करायचे प्रयत्न चालू आहेत. पण हातापायांच्या चामखिळी टाळणारी लस आज बाजारात नाही. मला विचाराल तर कारण उघड आहे. चामखिळीने कोणी मरत नाही, मुलांच्या तर बऱ्याचदा दोनेक वर्षांत आपोआप जातात. त्यासाठी पैसा कोण ओतणार?

"आपण एमएमआर देऊ," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाची लस, तीही थेट चामखिळीत! एचपीव्ही कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, त्यामुळे शरीराचं त्याच्याकडे लक्षच जात नाही. ओळखीची लस तिथे टोचली की प्रतिकारशक्ती धावत येते आणि आल्यासरशी शेजारचा चोरही तिच्या नजरेला पडतो. लस जिवंत विषाणूंची, म्हणून दिवस गेलेत का, स्टिरॉइड चालू आहेत का, हे आधी विचारलं. कुपीवर नाव होतं 'ट्रेसिव्हॅक'. तीही सीरमचीच, म्हणजे गावातली एक लस चालली नाही, दुसरी चालली.

टाचेत सुई म्हणजे काय असतं ते सांगून कळणार नाही. डोळ्यांतून पाणी आलं. रात्री कणकण, पॅरासिटामॉल, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गंमत म्हणजे आधी गेल्या त्या नखाशेजारच्या, जिथे सुई लागलीच नव्हती. टाचेतली नंतर काळी पडून सुटली.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. नुसतं सलाइन टोचूनही काहींच्या जातात म्हणे. तेव्हा माझी लशीनेच गेली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

लेक चौदाची आहे. तिला सर्व्हावॅकचा पहिला डोस दिला, तो कॅन्सरसाठी. दुसरा सहा महिन्यांनी. तिच्या गुडघ्यावर एक चामखीळ आहे. ती दुखत नाही तोवर हात लावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय.