दोन फेऱ्यांनंतर अडणारा बोल्ट

जुना लोखंडी रंधा सगळ्या अवयवांनिशी हाती आला, असं फारसं घडत नाही. गंजाचं मला काही वाटत नाही. घासायला बसलं की तो निघतो. पण मागच्या मुठीचं टोक उडालेलं, पातं झिजून नखाएवढं उरलेलं, लिव्हर कॅपचा, म्हणजे पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचा, एक कोपरा टवका निघून गेलेला. हा कोपरा कसा जातो हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एका जुन्या सुताराला काम करताना पाहिलं. चिपब्रेकरचा, म्हणजे पात्याला जोडलेल्या लोखंडी पट्टीचा, स्क्रू ढिला करायला त्याने शेजारी पडलेली लिव्हर कॅपच उचलली आणि तिच्या धारेने स्क्रू फिरवला. उठून स्क्रूड्रायव्हर कोण आणणार! कॅप बिडाची असते, आणि बीड दाबाला दाद देत नाही, पण असा पीळ बसला की कडेचा तुकडा उडतो.

आता अशी कॅप शोधायची. ती मिळते, पुष्कळ मिळतात. लिओनार्ड बेलीने रचलेल्या रंध्यांचे हक्क स्टॅनली या अमेरिकी कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि तोच मूळ आराखडा पुढे इतर कारखान्यांनीही उचलला. त्यामुळे सगळे रंधे एकमेकांचे भाऊ दिसतात. ४ नंबरच्या आणि ५ नंबरच्या रंध्याचं पातं २ इंची, एकाचं दुसऱ्याला चालतं. ६ आणि ७ नंबरचं २⅜ इंची. म्हणजे मोडक्या ५ नंबरवर ४ नंबर जगवता येतो. इथवर सगळं छान.

अडतं ते आट्यांवर. स्टॅनलीच्या मुठींचे बोल्ट १२ नंबरच्या जाडीचे, इंचाला २० आटे. लिव्हर कॅपचा स्क्रू ९/३२ इंची, इंचाला २४ आटे. हार्डवेअरच्या दुकानात हे माप सांगून बघा. समोरचा माणूस आधी तुमच्याकडे आणि मग फळीवरच्या डब्यांकडे बघतो. ९/३२ म्हणजे ७.१४ मिलिमीटर, म्हणून तो सात मिलिमीटरचा बोल्ट पुढे करतो. जाडी जवळपास तीच, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. एक-दोन फेऱ्या तो गोडीगुलाबीने आत जातो आणि मग अडतो. खरा धोका त्या क्षणी असतो, कारण हातात पाना असतो आणि मनात ‘थोडाच तर राहिलाय’. जोर लावला की बिडातले आटे खरवडले जातात, आणि एका स्क्रूसाठी निघालेला माणूस आख्खा फ्रॉग, म्हणजे पातं ज्या उतारावर टेकतं तो तुकडा, शोधायला लागतो. गंमत म्हणजे चिपब्रेकरचा स्क्रू मात्र ५/१६ इंची, १८ आट्यांचा, म्हणजे प्रमाण मापाचा. आणि तो सहसा हरवत नाही!

फ्रॉगचा शोध ही सगळ्यांत किचकट गोष्ट. वरून सगळे सारखेच दिसतात. फरक असतो खाली. फ्रॉग तळावर जिथे बसतो ती बैठक काळानुसार बदलत गेली. एका काळातला फ्रॉग दुसऱ्या काळातल्या अंगावर ठेवला की डुलतो, आणि डुलणाऱ्या फ्रॉगवरचं पातं लाकडात थरथरतं. म्हणून फ्रॉग घ्यायचा तर त्याचा खालच्या बाजूचा फोटो मागावा. विकणारे हटकून वरचाच काढतात.

हे सुटे भाग येतात कुठून? बहुतेक वेळा दुसऱ्या रंध्यातून. तळाला चीर गेलेल्या रंध्याचे भाग सुटे केले तर माझी तक्रार नाही. पण धडधाकट रंधा केवळ सुटा करून विकला तर जास्त पैसे येतात म्हणून उसवायचा, हे मला पटत नाही. उलट बाजूला संग्राहक असतात. लिव्हर कॅपचं भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं झालं १९३३ पासून. अशी कॅप त्याआधीच्या रंध्यावर दिसली की ते कळवळतात. लाकडाला मात्र त्या भोकाचा आकार कळत नाही. माझा रंधा सरमिसळ असला तरी मला चालतो.

नवं पातं बसवणाऱ्यांनी मात्र जपावं. मूळ पातं जेमतेम २ मिलिमीटर जाड. हल्लीची काही ३ मिलिमीटरच्या आसपास. जाड पातं कमी थरथरतं हे खरं, पण रंध्याच्या तोंडात, म्हणजे तळातल्या फटीत, ते मावेलच असं नाही. लोक मग कानस घेऊन तोंड मोठं करतात. पातं पुन्हा बदलता येतं, कानसलेलं तोंड परत भरून येत नाही. शिवाय पातं खाली-वर करणारी वाय आकाराची लिव्हर जाड पात्यातून पुढे चिपब्रेकरच्या खाचेपर्यंत पोचायला हवी. कधी कधी पोचत नाही. मग ती लिव्हर हलवणारं पितळी चाक फिरतं आणि पातं ढिम्म.

मूठ तेवढी आपली आपण करता येते. ठोकळ्याला बोल्टचं तिरकं भोक आधी पाडावं आणि आकार मागून द्यावा. उलट केलं तर भोक भलतीकडून बाहेर येतं. लाकडाच्या रेषा तळाला समांतर ठेवाव्यात, नाहीतर वरचं टोक पहिल्याच आपटण्यात जाईल.

वायसारखी ती लिव्हर मात्र घरी करण्यातली नाही. ती फ्रॉगमध्ये घट्ट ठोकलेल्या पिनेवर झुलते, आणि मोडते ती बहुधा कुणीतरी अडकलेलं पितळी चाक पकडीने पिळल्यामुळे. त्या चाकाचे आटे बहुतेक रंध्यांत डावे असतात. पकड उचलण्याआधी ते एकदा उलट्या बाजूने फिरवून बघा.