सिम लीगचा ऑल-स्टार संघ आणि दर हंगामात डावलले जाणारे तेच ते खेळाडू

सिम लीगमध्ये, म्हणजे संगणकावर किंवा कार्डांवर खेळवल्या जाणाऱ्या बेसबॉल लीगमध्ये, ऑल-स्टारची (हंगामाच्या मध्यावर निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूंची) यादी लागली की ओरड ठरलेली: 'आमचा शॉर्टस्टॉप कुठाय?' त्यातली निम्मी ओरड आपल्या संघावरच्या मायेपोटी असते, ती सोडून द्यावी. उरलेली निम्मी खरी असते. गंमत अशी की डावललेली नावं दर हंगामात बदलतात, पण खेळाडूंचे प्रकार तेच राहतात. यादी प्रोग्रामने काढलेली असो की जीएम मंडळींनी (संघ चालवणाऱ्यांनी) मतं देऊन, नजर जाते ती आकडेवारीच्या पहिल्या पानावर. फलंदाजाचं अ‍ॅव्हरेज, होम रन, आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर आलेल्या धावा). पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) विजय, ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावा), सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने). या सहा रकान्यांत ज्याचा खेळ उमटत नाही तो बाहेर.

सगळ्यात जास्त फटका बसतो वॉक (चार चेंडू बाहेर पडल्यावर मिळणारा पहिला बेस) घेणाऱ्या फलंदाजाला. समजा, दोन लेफ्ट फिल्डर आहेत. पहिल्याचे ३५० अ‍ॅट-बॅट (वॉक सोडून फलंदाजीच्या खेपा), ११२ हिट (१८ डबल, १ ट्रिपल, ८ होम रन) आणि १५ वॉक. अ‍ॅव्हरेज (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) ०.३२०, म्हणजे नाव पक्कं. दुसऱ्याचे ३१० अ‍ॅट-बॅट, ७९ हिट (२० डबल, १७ होम रन) आणि ६० वॉक. अ‍ॅव्हरेज ०.२५५ दिसलं की मत देणारा पुढच्या ओळीवर जातो. आता ऑन-बेस, म्हणजे बेसवर पोचण्याचं प्रमाण काढा. पहिला ३६५ पैकी १२७ वेळा बेसवर पोचला, म्हणजे ०.३४८. दुसरा ३७० पैकी १३९ वेळा, म्हणजे ०.३७६. स्लगिंग (अ‍ॅट-बॅटमागे हिटमधून मिळालेले बेस) ०.४४६ आणि ०.४८४. दुसरा पाच वेळा जास्त प्लेटवर आला आणि तरी त्याने सात आउट कमी दिले.

नुसता ओपीएस (ऑन-बेस आणि स्लगिंगची बेरीज) बघूनही इथे दुसराच पुढे दिसेल, पण फरक किती धावांचा ते त्यातून कळत नाही. शिवाय ओपीएस ऑन-बेसला आणि स्लगिंगला एकाच मापाने तोलतो, प्रत्यक्षात ऑन-बेसचा एक पॉइंट बराच महाग असतो. म्हणून डब्ल्यूओबीए काढावा; त्यात बेसवर पोचण्याच्या प्रत्येक प्रकाराला त्याच्या धावांच्या किमतीप्रमाणे भार मिळतो. ढोबळ भारांक असे: वॉक ०.६९, सिंगल ०.८९, डबल १.२७, ट्रिपल १.६२, होम रन २.१०. वरच्या दोघांचा येतो ०.३४९ आणि ०.३७८. फरकाला १.२ ने भागा (म्हणजे तो धावांत येतो), ३७० प्लेट अपिअरन्सने (वॉक धरून प्लेटवर येण्याच्या सगळ्या खेपा) गुणा: जवळपास नऊ धावा. साधारण दहा धावांना एक विजय धरतात, म्हणजे अर्ध्या हंगामात दुसऱ्याने संघाला जवळजवळ एक विजय जास्त दिला आणि ऑल-स्टारच्या दिवशी तो घरी बसला.

पिचरच्या बाबतीत गोंधळ उलट्या बाजूने होतो. त्याच्या नावावर लागलेला निकाल निम्मा दुसऱ्यांचा असतो. खऱ्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) फेलिक्स हर्नांडेझला २०१० मध्ये १३-१२ अशा विजय-पराभवांच्या नोंदीवर साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळालं, जेकब डीग्रॉमला २०१८ मध्ये १०-९ वर, ईआरए १.७० असताना. तिथले मतदार शिकले. सिम लीगमध्ये अजूनही ९-३ दिसलं की मत पडतं. समजा, ९-३ वाल्याने १२० इनिंगमध्ये १४ होम रन, ४० वॉक, ४ हिट-बाय-पिच (चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस) दिले, ८५ स्ट्राइकआउट केले आणि ईआरए २.७० ठेवला. दुसरा ५-८, ईआरए ३.७५, पण तेवढ्याच इनिंगमध्ये १० होम रन, २८ वॉक, ४ हिट-बाय-पिच आणि १३० स्ट्राइकआउट. इथे एफआयपी काढावा: तो फिल्डरांचा हात नसलेल्या गोष्टींवरूनच पिचरला ईआरएच्या मापात जोखतो. त्याचं सूत्र सोपं आहे: होम रन गुणिले १३, त्यात वॉक आणि हिट-बाय-पिच मिळून गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २, सगळ्याला इनिंगने भागायचं आणि एक स्थिरांक मिळवायचा. स्थिरांक ३.१० धरला तर पहिल्याचा एफआयपी ४.३०, दुसऱ्याचा २.८२. ईआरए सांगतो त्याच्या बरोबर उलट.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे तो ३.१० जसाच्या तसा उचलणं. तो मेजर लीगच्या धावसंख्येला जुळणारा आहे. तुमच्या लीगमध्ये धावा जास्त पडत असतील तर स्थिरांक तुमचाच काढा: पूर्ण लीगचा ईआरए घ्या आणि लीगच्या एकूण बेरजांवर तेच सूत्र स्थिरांकाशिवाय चालवून आलेला आकडा त्यातून वजा करा. दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये १०३.१ इनिंग म्हणजे १०३ पूर्ण आणि एक तृतीयांश, १०३.२ म्हणजे दोन तृतीयांश. स्प्रेडशीट त्याला सरळ दशांश समजते. एका पिचरला फरक किरकोळ पडतो, पण अख्ख्या लीगची बेरीज करताना हे तुकडे साचत जातात आणि स्थिरांक बिघडतो. रकाना आधी दुरुस्त करायचा, मग बेरीज.

एफआयपीलाही सगळीकडे आंधळेपणाने मानू नये. पिचर बॅटला लागलेल्या चेंडूचं काय होतं यावर फारसा ताबा ठेवत नाही, या व्होरोस मॅक्रॅकनने २००१ मध्ये मांडलेल्या विचारावर ते उभं आहे. पण हाल रिचमनच्या १९६१ पासूनच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकसारख्या कार्डांच्या खेळात निम्मे निकाल पिचरच्याच कार्डावरून येतात: पहिला फासा १ ते ३ पडला तर फलंदाजाचं कार्ड, ४ ते ६ पडला तर पिचरचं. त्याने खऱ्या हंगामात किती हिट दिले तेही त्या कार्डावर उतरलेलं असतं. तिथे हिट रोखणं हा त्याचा गुण धरायलाच हवा. संगणकावरच्या सिममध्ये पिचरला हिट रोखण्याचं वेगळं रेटिंग आहे का, ते आधी पाहावं.

मग नशिबाचं काय? ज्या फलंदाजाचे चेंडू जरा जास्तच मोकळ्या जागी पडलेत, त्याला बाहेर काढा असा आग्रह काही जण धरतात. तो पटत नाही. ऑल-स्टार ही झालेल्या खेळाची पावती आहे, पुढच्या तीन महिन्यांचं भाकीत नाही. आणि सिममध्ये तर खेळाडूचं रेटिंग समोर लिहिलेलंच असतं. तेवढंच बघून निवडायचं तर सामने चालवले कशाला? फलंदाजाचे हिट त्याचेच. पिचरला मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या फिल्डरांच्या पापपुण्यातून सूट द्यावी.

मैदानाचा हिशेब बहुतेकांना माहीत असतो, चुकतो तो अर्ध्यावर. डेन्व्हरचं कूर्स फील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथल्या फलंदाजांचे आकडे फुगतात. अशा एखाद्या मैदानाचा फॅक्टर (तिथे सरासरीच्या किती पट धावा होतात) १.१२ असेल तर खेळाडूच्या आकड्यांना सरळ १.१२ ने भागायचं नाही, कारण तो निम्मेच सामने घरी खेळतो. १.१२ आणि १ यांची सरासरी १.०६, तिनेच भागायचं. आणि तीही धावांना, अ‍ॅव्हरेजला नव्हे. काही तक्त्यांत फॅक्टर आधीच असा निम्मा केलेला असतो. तो पुन्हा निम्मा केला की पिचरांच्या मैदानात खेळणारा बिचारा दुसऱ्यांदा मारला जातो. डावखुऱ्या आणि उजव्या फलंदाजांसाठी होम रनचा फॅक्टर वेगळा दिलेला असेल तर तोच वापरावा.

कॅचर आणि शॉर्टस्टॉप यांची अडचण वेगळी. ऑल-स्टारपर्यंतच्या ९२ सामन्यांत कॅचर ७५ च्या आसपास खेळतो, त्यामुळे त्याचे होम रन आणि आरबीआय कमी दिसणारच. पोझिशनची भरपाई धावांत अशी धरतात, १६२ सामन्यांना: कॅचर अधिक १२.५, शॉर्टस्टॉप अधिक ७.५, सेकंड, थर्ड आणि सेंटर फील्ड अधिक २.५, कोपऱ्यातले आउटफिल्डर वजा ७.५, फर्स्ट बेस वजा १२.५, डीएच (फक्त फलंदाजी करणारा) वजा १७.५. सुरुवातीच्या नऊ जागा पोझिशननुसार भरल्या जातात, तिथे याची गरज पडत नाही. राखीव खेळाडू निवडताना मात्र तिसरा फर्स्ट बेसमन आणि दुसरा शॉर्टस्टॉप समोरासमोर येतात आणि फर्स्ट बेसमन जिंकतो, कारण फिल्डिंग कोणी मोजतच नाही. चुकांचा रकाना बघणं म्हणजे मोजणं नव्हे. जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर चूकही लागत नाही. झोन रेटिंग (फिल्डर किती चेंडूंपर्यंत पोचतो याचा आकडा) असेल तर ते घ्या. स्ट्रॅटमध्ये रेंज १ (सगळ्यात चांगली) असलेल्या शॉर्टस्टॉपने वाचवलेले हिट बॉक्स स्कोअरमध्ये कुठेच दिसत नाहीत; दिसतो तो त्याच्या पिचरांचा ईआरए.

आठव्या इनिंगचा रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा पिचर) तर कायमचा बळी. सेव्ह क्लोजरला (सामना संपवणाऱ्याला) मिळतो, मधली आग विझवणाऱ्याला नाही. तुमच्या सिममध्ये डब्ल्यूपीए (खेळाडूने संघाची जिंकण्याची शक्यता किती वाढवली) दिसत असेल तर रिलीव्हर फक्त त्यावर लावून बघा, पहिल्या पाचांत एक तरी बिनसेव्हचा निघण्याची शक्यता मोठी.

आता गाळणीचा प्रश्न. लीडरबोर्डवर यायला संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स लागतात, ९२ सामन्यांना २८५. दोन आठवडे जायबंदी असलेला २७० वाला यादीत उमटतच नाही. गाळणी २०० वर आणून मग सरासरी नव्हे, एकूण धावा बघा. कमी सामन्यांची शिक्षा त्यात आपोआप होते. ट्रेड झालेल्याचंही तसंच. दुसऱ्या सब-लीगमध्ये (लीगच्या दुसऱ्या विभागात) गेला की आकड्यांचे दोन तुकडे पडतात. १९९० मध्ये विली मॅकगी मेजर लीगच्या एका विभागातून, नॅशनल लीगमधून, दुसऱ्या म्हणजे अमेरिकन लीगमध्ये गेला आणि तरीही ०.३३५ च्या जोरावर नॅशनल लीगचा फलंदाजीचा किताब त्यालाच मिळाला, इतके हे हिशेब वेगळे राहतात. दोन ओळींची बेरीज हातानेच करावी लागते.

प्रत्येक संघाचा निदान एक खेळाडू, या नियमावर सगळा राग निघतो. नियम वाईट नाही, तो वापरायची पद्धत वाईट असते. तळाच्या संघातला सगळ्यात नावाजलेला गडी उचलायचा आणि नेमका तो गर्दीच्या जागेचा असायचा, मग तिथला लायक माणूस बाहेर. आधी सुरुवातीचे खेळाडू ठरवा. मग ज्या संघाचा कोणीच नाही त्यांची यादी करा, आणि त्या संघातल्या प्रत्येक उमेदवारासमोर लिहा की तो आला तर कोण जाईल आणि त्यात किती धावांचं नुकसान. सगळ्यात कमी नुकसान ज्यात, तो घ्या. बऱ्याचदा तो रिलीव्हर किंवा दुसरा कॅचर निघतो.

मतांची गोष्ट निघाली की मेजर लीगचं १९५७ आठवतं. सिनसिनाटीच्या चाहत्यांनी इतकी मतं टाकली की सुरुवातीच्या आठांत त्यांचे सात आले. कमिशनर फोर्ड फ्रिकने गस बेल आणि वॉली पोस्ट यांना काढून विली मेझ आणि हँक एरन यांना घेतलं, आणि चाहत्यांचं मत १९७० पर्यंत बंद झालं. जीएमच्या मतदानात यावर साधा इलाज आहे: स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत नाही.

आणि एक्स्पोर्ट निवडीच्या दिवसाचाच घ्या. सिम आठवडाभर पुढे गेल्यावर काढलेल्या फाइलमध्ये ब्रेकनंतरचे सामने मिसळतात, मग दोन माणसं दोन वेगळ्या तारखांचे आकडे घेऊन भांडत बसतात. कमिशनरकडे मागणी करताना एक ओळ पुरते: नाव, पोझिशन, प्लेट अपिअरन्स, डब्ल्यूओबीए, फिल्डिंगच्या धावा, आणि त्याखाली ज्याच्या जागी घ्यायचं त्याचे हेच आकडे. दुसरी ओळ नसलेली मागणी विचारात घेऊ नये. यादीत बत्तीस जागा असतील तर तेहतिसावं नाव लिहिणाऱ्यानेच सांगायचं की कोणाला खोडायचं.