चाळ जितकी दाट, टॉवर तितका उंच : भेंडीबाजार ते खोताची वाडी, पायी

ही फेरी आम्ही रविवारी सकाळीच करतो. भुलेश्वर-काळबादेवीचा घाऊक बाजार त्या दिवशी बहुतांशी बंद असतो, हातगाड्यांची गर्दी नसते, आणि एरवी कापडाच्या गठ्ठ्यांमागे दडलेले लाकडी सज्जे नजरेला पडतात. सँडहर्स्ट रोड स्टेशनला साडेसातला उतरायचं, मोहम्मद अली रोड ओलांडून भेंडीबाजारात शिरायचं, तिथून नळबाजार, सी. पी. टँक, भुलेश्वर, ठाकूरद्वार करत खोताच्या वाडीत पोहोचायचं. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण थांबत, मान वर करून बघत गेलं तर तीन तास लागतात. शुक्रवारी दुपारी भेंडीबाजारात जाऊ नये, नमाजाची गर्दी असते. पावसाळ्यात टेकू लावलेल्या इमारतींच्या सज्जांखालून चालू नये. हे आम्ही काळजीपोटी सांगतोय, ओलं लाकूड बोलून कोसळत नाही.

मोहम्मद अली रोडवर जे. जे. उड्डाणपुलाखाली उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की दोन काळ एकाच चौकटीत दिसतात. खाली तीन-चार मजली, खांबांवर पुढे आलेल्या इमारती, आणि त्यांच्या डोक्यावर थेट चाळीस मजल्यांच्या आसपास गेलेले नवे टॉवर. हा सैफी बुऱ्हाणी उन्नती न्यासाचा प्रकल्प. २००९ साली न्यास स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं, असा त्याचा पसारा. प्रत्येक कुटुंबाला किमान ३५० चौरस फूट चटईक्षेत्राचं, स्वतःच्या संडास-बाथरूमचं घर मालकीने देण्याचं ठरलं. ज्या खोल्यांतून ही माणसं निघाली त्यांतल्या कित्येक याच्या निम्म्याही नव्हत्या आणि संडास मजल्याच्या टोकाला सामायिक होते, हे लक्षात ठेवूनच टॉवरकडे पाहावं. इथल्या गायकीच्या घराण्याचं नाव घेऊन हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा तरी त्या जुन्या जिन्याने चौथ्या मजल्यावर पाण्याची बादली न्यायला हवी होती.

याच भागात पाकमोडिया स्ट्रीटवर ३१ ऑगस्ट २०१७ला हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. इमारत पुनर्विकासाच्या यादीत होती. घरं रिकामी होणं आणि इमारत पाडली जाणं यांमधला काळच सर्वांत धोक्याचा असतो.

जुन्या इमारती नेमक्या कुठे दगा देतात, ते बाहेरूनही बरंचसं ओळखता येतं. सांगाडा सागवानाचा: खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर वासे, वर फळ्या आणि कोबा. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. लाकूड कोरडं असेपर्यंत शंभर वर्षंही टिकतं. कुजतं ते तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक, आणि तेही बहुधा मोरी किंवा सामायिक संडासाच्या बाजूचं, कारण गळणारं पाणी तिथे मुरतं. त्यावर वजन वाढत जातं: पोटमाळे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, मजल्यावर मजला. मग दुरुस्तीत लोखंडी गर्डर येतो, तो गंजून फुगतो आणि भिंतीला आडवी चीर पाडतो. दोन इमारतींच्या मागच्या अंगांमधल्या अरुंद हाऊस गल्लीत डोकावून पाहा. तिथल्या पाइपांवर पिंपळ उगवला असेल तर आतल्या तुळईची अवस्था वेगळी तपासायला नको.

दुरुस्ती का झाली नाही, याचं उत्तर एका तारखेत आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधलं. घरमालकाच्या हाती येणाऱ्या भाड्यातून चुन्याचा गिलावाही निघेना, आणि व्यवहार पागडीवर, म्हणजे खोली देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेवर, सरकला. १९६९च्या कायद्याने शहर बेटावरच्या अशा इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ उभं केलं. पुढे ते म्हाडात आलं. इमारतींचे तीन गट पडले: १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या ‘अ’, तिथून १९५०अखेरपर्यंतच्या ‘ब’, आणि पुढच्या ३० सप्टेंबर १९६९पर्यंतच्या ‘क’. सुरुवातीला यादीत १९,६४२ इमारती होत्या. लोक त्यांना सरळ ‘सेसच्या इमारती’ म्हणतात. या वाटेवर डावी-उजवीकडे दिसणारं जवळपास सगळं ‘अ’ गटातलं.

आता टॉवर इतके उंच का, हा प्रश्न. वरून समुद्र दिसतो म्हणून, असं उत्तर सहज मिळतं. समुद्रामुळे दर ठरतो, उंची मात्र चाळीतली बिऱ्हाडं ठरवतात. विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७) सेसच्या इमारतींसाठी आहे. त्यानुसार एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते) ३, किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक त्यावर ५० टक्के प्रोत्साहन (विकासकाला विकायला मिळणारं जादा क्षेत्र), यांतलं जे जास्त असेल ते मिळतं. भूखंड एकत्र केले तर प्रोत्साहनाचा टक्का वाढतो. निवासी भाडेकरूला कमीत कमी २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट.

कागदावर मांडून पाहू. ५०० चौरस मीटरचा भूखंड, त्यावर ४० बिऱ्हाडांची चाळ. चाळीस घरांचं चटईक्षेत्र १,११५ चौरस मीटर. भिंती, मार्गिका धरून पाचवा हिस्सा वाढवला की १,३३८. त्यावर ५० टक्के प्रोत्साहन, झाले २,००७. एफएसआय ३ने १,५००च मिळत होते, म्हणून २,००७ धरायचे. २०१२पासून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयवरचं जादा चटईक्षेत्र, मिळतं, ते मिळवून साधारण २,७१०. मोकळी जागा सोडून मजल्याला २५० चौरस मीटर उरले, तर अकरा मजले. आता त्याच भूखंडावर ८० बिऱ्हाडं आहेत असं धरा. तोच हिशेब ५,४००च्या वर जातो, मजले बावीस होतात, आणि खाली गाड्यांसाठी चार-पाच मजल्यांचं पोडियम धरलं की सव्वीस-सत्तावीस. जमीन तीच, रस्ता तोच, फक्त चाळ दुप्पट दाट. म्हणूनच सगळ्यात सडपातळ, उंच इमारती नेमक्या सगळ्यात चिंचोळ्या गल्ल्यांत उभ्या राहतात. आराखडा काढणाऱ्याला दोष देण्याआधी हे गणित समजून घ्यायला हवं. आमच्या मते चूक इथेच आहे: नियम बिऱ्हाडं मोजतो, पण समोरच्या गल्लीची रुंदी उंचीच्या हिशेबात जवळजवळ येतच नाही.

भेंडीबाजारासारख्या समूह विकासाला ३३(९) लागतं. तिथे शहर बेटावर किमान ४,००० चौरस मीटर जागा हवी आणि एफएसआय ४ मिळतो. त्याचा खरा फायदा रस्त्याला होतो. एकेक चाळ सुटी पाडली तर गल्ली आहे तशीच राहते. अख्खा ठोकळा घेतला तर रस्ता रुंद करता येतो, मलवाहिनी नव्याने टाकता येते, टॉवर एकमेकांपासून लांब सरकवता येतात. पण शेकडो मालक आणि हजारो भाडेकरू एका कागदावर आणायचे म्हणजे वर्षांची कामं.

नळबाजार मागे टाकून सी. पी. टँककडे निघालं की पत्र्याच्या कुंपणांवर बांधकामाचे फलक दिसू लागतात. ते वाचायची सवय लावावी. पहिलं सी. एस. (नगर भूमापन) क्रमांक आणि विभाग (‘भुलेश्वर विभाग’, ‘गिरगाव विभाग’). त्यावरून भूखंड एक की अनेक जोडलेले ते कळतं. मग आयओडी, म्हणजे पालिकेची अटींसह मिळालेली पहिली मंजुरी. त्यानंतर सीसी, काम सुरू करण्याचा दाखला. तो आधी जोत्यापर्यंतच मिळतो आणि जोतं तपासल्यावर वर वाढतो. आयओडीची तारीख जुनी आणि सीसी जोत्यावरच अडकलेली असेल तर काम थांबलंय असं समजावं. शेवटी महारेराचा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या राज्य प्राधिकरणाचा, क्रमांक आणि क्यूआर कोड. तो मोबाइलवर उघडला की विक्रीच्या घरांचा आराखडा, मजले, पूर्ण करण्याची मुदत दिसते. पण भाडेकरूंच्या पुनर्वसनाची घरं विक्रीची नसल्याने त्यांना हे कवच नाही. त्यांची सुरक्षा म्हाडाच्या ना-हरकत पत्रात, प्रमाणित भाडेकरू यादीत (१३ जून १९९६ला असलेले भाडेकरू) आणि स्वतंत्र करारात.

बिघडतं ते याच टप्प्यावर. संमती पूर्वी ७० टक्के लागे, आता ५१. घरं रिकामी होतात, पर्यायी जागेचं भाडं काही महिने वेळेवर येतं, मग थांबतं. कधी बाजार पडलेला असतो, कधी भागीदार फुटतो, कधी उरलेला एखादा दुकानदार न्यायालयात जातो. खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं आणि रहिवासी विरार-कल्याणला स्थायिक होतात. असे अर्धवट सोडलेले प्रकल्प ताब्यात घेता यावेत म्हणून म्हाडा कायद्यात ९१-अ हे कलम घातलं आहे. करारात भाडं आगाऊ आणि बँक हमीसह मागणं, हा यावरचा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

भुलेश्वरात पाऊल टाकलं की खड्ड्याची दुसरी बाजू दिसते. इथे शेजारच्या इमारतींची भिंत कित्येकदा सामायिक असते, नाहीतर मध्ये हातभर हाऊस गल्ली. तळघरासाठी खोदताना पाणी उपसलं की शेजारच्या उथळ, दगडी पायाखालची माती बसते. सागवानी सांगाडा थोडं झुकणं सहन करतो, चुन्यातली भिंत करत नाही. म्हणून खोदकामाआधी शेजारच्या भिंतींतल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली तर भेग हलते आहे. अशी पट्टी दिसली तर हात लावू नये.

आणि आग. काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये ९ मे २०१५ला लागलेल्या आगीत जळती इमारत कोसळून अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत दलप्रमुखही होते. लाकडी जिने, लाकडी तक्तपोशी, खाली गोदामं: आग वर चढायला काही मिनिटं पुरतात. टॉवर या बाबतीत चांगला खरा. काँक्रीटचा बंदिस्त जिना, प्रत्येक मजल्यावर पाण्याचा नळकांडा, ठरावीक मजल्यांनंतर आगीत आसरा घ्यायला मोकळा रिफ्यूज मजला. पण मुंबईच्या दलाकडे ९० मीटरची शिडी असली तरी तिचे पाय पसरायला टणक मोकळी जागा लागते. इमारतीच्या एका बाजूला ६ मीटर सोडले, तरी तिथवर येणारी गल्लीच दुचाक्यांनी आणि मालाने अडलेली असेल तर ते ६ मीटर कागदावरच राहतात. रविवारी सकाळी ही गल्ली मोकळी दिसेल. सोमवारी अकराला तिचीच कल्पना करून बघा.

ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन पुढे निघावं. समोर पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत शेजारी शेजारी असेल तर फरक खिडक्यांत वाचता येतो. पुनर्वसनाच्या घरांची तोंडं पुष्कळदा आतल्या चौकाकडे, आणि मजल्यावर घरं दाट. ८० कुटुंबं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५४,००० लिटर पाणी वर चढवावं लागतं. दक्षिण मुंबईत पाणी ठरावीक तासांतच येतं, म्हणून तळटाकी मोठी हवी आणि पंप दोन हवेत, एक चालू, एक राखीव. लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा यांचा खर्च चाळीच्या भाड्याच्या कित्येक पट. विकासकाने देखभालीसाठी ठेवलेल्या एकरकमी निधीच्या (कॉर्पसच्या) व्याजावर पहिली वर्षं निघतात. लिफ्टचा दोर बदलायची वेळ येते तेव्हा व्याज पुरत नाही, आणि पेन्शनवरची माणसं अठराव्या मजल्यावर अडकतात. ताबा घेण्याआधी सोसायटीने दहा वर्षांच्या देखभालीचं अंदाजपत्रक लिहून घ्यावं. शंभर रुपये भाडं देणाऱ्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावर सेंट तेरेसा चर्चपासून थोडं पुढे खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाने ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांना जागा विकल्या, त्यातून ही वाडी उभी राहिली. बाहेरचा लाकडी जिना, पुढे मोठी पडवी, कौलं, रंगीत कठडे. एके काळी ६५च्या आसपास घरं होती, आज ती तिशीच्या आत आली आहेत. वाडी ‘श्रेणी ३’ वारसा परिसरात मोडते. श्रेणी १मध्ये आत-बाहेर कशालाही हात लावता येत नाही, २मध्ये आतले बदल चालतात, ३मध्ये परिसराच्या तोलाला धरून बरंच काही चालतं. इथे घरं पडतात ती पावसाने कमी आणि वारसांच्या वाटण्यांनी जास्त: सहा भावंडं, एक बंगला, आणि कौलं शाकारायचा खर्च कुणी एकट्याने करायचा हा प्रश्न. घरमालकाला दुरुस्तीसाठी पैसा हवा आणि विकता येण्याजोगा टीडीआर (जागेवर न वापरता दुसरीकडे हलवता येणारा बांधकामाचा हक्क) वेळेत हवा. नुसता श्रेणीचा शिक्का मारून कौल टिकत नाही.

गल्ल्या खाजगी घरांच्या आहेत. फोटो विचारून काढा, पडवीवर चढू नका, आवाज खाली ठेवा. वाडीच्या मधल्या वळणावर, क्रूसाजवळ उभं राहून वर पाहा. वारसा परिसराची हद्द म्हणजे एक कुंपणभिंत, आणि तिच्या पलीकडे उंच इमारती. त्यांची सावली कुठल्या पडवीवर किती वाजेपर्यंत राहते, ते दहाच्या सुमाराला डोळ्यांनी मोजता येतं. परतीला मेट्रो ३चं गिरगाव स्थानक चालत पाच मिनिटांवर आहे. चर्नी रोडही दूर नाही.