गोव्याहून आलेला टर्की आणि उस्ताद मन्सूर

गेले चार दिवस मी एकच चित्र मोबाईलवर झूम करकरून बघतेय. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने काढलेला टर्की पक्ष्याचा नर. मूळ चित्र लंडनला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये.

1612 ची गोष्ट आहे. जहांगीरने आपल्या दरबारातल्या मुकर्रब खानाला गोव्याला धाडलं, पोर्तुगीजांकडे जे काही अपूर्व दिसेल ते आण, पैशांकडे बघू नकोस असं सांगून, आणि तो जे घेऊन आला त्यात हा पक्षी होता. मूळचा अमेरिकेतला, दरबारात त्याला काय म्हणायचं तेही कोणाला ठाऊक नाही. बादशहाने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की याचं डोकं नि मान क्षणाक्षणाला रंग बदलते, माजावर आला की पोवळ्यासारखी लाल, मग कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी, सरड्यासारखंच. पण नुसतं लिहून त्याचं भागलं नाही. बाबराने प्राण्यांची वर्णनं केली पण चित्रं काढून घेतली नाहीत, म्हणून याने चित्रकारांना बसवलं, ऐकून जेवढं नवल वाटतं त्याहून जास्त बघून वाटावं म्हणून.

आता सांगा, जो पक्षी घडीघडीला रंग पालटतो त्याचा नेमका कुठला रंग धरायचा? मन्सूरने निळसर तोंड आणि खाली लोंबणारी लाल कातडी दोन्ही ठेवलंय, म्हणजे बदल चालू असतानाचा क्षण, निदान मला तरी तसंच दिसतं. मी रविवारी पक्ष्यांची चित्रं काढते, खंड्या, बुलबुल वगैरे, पण फोटोवरून. फोटोतला पक्षी हलत नाही. काल रात्री झिरो नंबरचा ब्रश घेऊन फक्त त्या मानेवरच्या गाठी उतरवायला बसले, दोन तास गेले, तेव्हा कळलं की तिथे एकसुद्धा गाठ दुसरीसारखी नाहीये. हे अंदाजाने होत नाही हो, त्या जिवंत, अस्वस्थ, मान हलवणाऱ्या पक्ष्यासमोर बसून किती वेळ बघितलं असेल या माणसाने!

पुढे 1620 मध्ये काश्मीरला गेल्यावर त्याने शंभरावर फुलं रंगवली असं जहांगीर लिहितो. त्यातली आज अगदी मोजकीच शिल्लक आहेत. त्यांतला लाल ट्युलिप बघितला की बाकीच्या फुलांसाठी जीव तुटतो.