चिकट स्पंजची गोष्ट

पावसाळा संपून मुरूम सुकला की आमच्या रानात धूळ अशी उठते की पुढचा गाडीवाला दिसतच नाही, नुसता आवाज येतो. सासवडच्या अलीकडे एका मित्राची पडीक जमीन आहे. तिथे रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण गाड्या उडवतो. माझी कावासाकीची केएलएक्स १४०, म्हणजे मातीत उडवायची मोटारसायकल, सेकंडहँड. हिला नंबर प्लेट नाही, रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून दर वेळी छोट्या हत्तीचं भाडं. बायको म्हणते, लोक घोडा टांग्याला जुंपतात, तू घोड्यालाच टांग्यात बसवून नेतोस.

गाडी घेतली तेव्हा एअर फिल्टर म्हणजे मला ऑफिसच्या गाडीतला माहीत होता. कागदी, घड्याघड्यांचा, सर्व्हिसिंगला गेली की मेकॅनिक बदलतो. या गाडीत निघाला नुसता स्पंज, आतून प्लास्टिकची जाळी. हाताला चिकट लागला. मला वाटलं, आधीच्या मालकानं तेल सांडलंय. बाथरूममध्ये बसून साबणानं लख्ख धुतला, वाळवला आणि तसाच कोरडा लावला. पुढचे तीन-चार महिने हेच चाललं होतं, तेही मोठ्या अभिमानानं.

दिवाळीनंतर गाडी चढावर दम टाकायला लागली. सुरू व्हायला कटकट, सायलेन्सरमधून निळसर धूर. मेकॅनिक अण्णांनी इंजिन खोललं, तर बोरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे ओरखडे. त्यांनी विचारलं, "साहेब, फिल्टरला तेल कुठलं लावता?"

मी म्हटलं, "तेल?"

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबराच्या नळीत त्यांनी बोट घातलं, आतून गोल फिरवून बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर तपकिरी, कचकचीत थर. "ही बघा तुमची रांगोळी."

पिस्टन, रिंगा, बोर, सगळं नवीन. पार्ट यायला दोन महिने लागले आणि बिल अजून घरात पूर्ण सांगितलेलं नाही.

स्पंजची भोकं धुळीच्या कणांपेक्षा मोठी असतात, हे मला तेव्हा कळलं. चाळणीसारखा तो धूळ अडवतच नाही. हवा त्या भोकांमधून वळणं घेत जाते, कण वळताना तेलाला चिकटतात आणि तिथेच बसतात. अडवतं ते तेल, स्पंज फक्त तेल धरून ठेवतो. कोरड्या स्पंजातून आमच्याकडची पिठासारखी धूळ आरामात आत जाते आणि इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळून बोरला पॉलिश पेपर मारत बसते.

आता दर रविवारी रात्री माझा कार्यक्रम ठरलेला. फिल्टर काढला की आधी त्या नळीच्या तोंडात फडकं, नाहीतर फिल्टर बसतो त्या डब्यातली धूळ सरळ आत पडते. स्पंज जाळीवरून उतरवून डिझेलमध्ये धुवायचा. रॉकेल बरं, पण आता मिळतंय कुठं? पेट्रोल मात्र नको. आमच्यातल्या एकानं पेट्रोलमध्ये धुतला, तर स्पंजच्या जोडाचा गोंदच सुटला. शिवाय त्याची वाफ लांबच्या ठिणगीनंही पेट घेते, आणि आमच्या बाथरूममध्ये गिझर गॅसचा आहे. डिझेलचं काम मी गच्चीवरच करतो.

मग भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी. चक्क्याच्या फडक्याला देतो तसा पीळ द्यायचा नाही, स्पंज फाटतो. दोन तळव्यांमध्ये धरून नुसता दाबायचा. पहिलं पाणी चहासारखं येतं, मग ताकासारखं, मग स्वच्छ. सावलीत रात्रभर वाळवायचा. आत ओल राहिली तर तेल धरत नाही. म्हणून मी दोन स्पंज ठेवलेत, एक दोरीवर, एक गाडीत. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, हे नेमकं काय वाळत घालता?

तेल लावायला ब्रेडची रिकामी पिशवी. स्पंज आत टाकायचा, वरून फिल्टर ऑइल ओतायचं आणि कणीक मळल्यासारखं बाहेरूनच दाबत राहायचं. माझं तेल निळं आहे. जिथे निळं दिसत नाही तिथे तेल पोचलेलं नाही. साधं इंजिन ऑइल लावून बघितलं, ते दोन दिवसांत खाली ओघळून डब्यात जमा झालं. पैसे वाचवायची जागा ही नव्हे. जास्तीचं दाबून काढायचं, कारण चिंब स्पंजातूनही हवा धड जात नाही.

कडेला ग्रीस. हे बरेच जण विसरतात. स्पंज कितीही चांगला असला तरी काठ नीट टेकला नाही तर धूळ त्या फटीतून जाते. बसवल्यावर मी काठावरून बोट एकदा पूर्ण फिरवतो.

स्पंज कायम टिकत नाही. दाबताना हाताला भुगा लागला, जोड उसवला किंवा उजेडात धरल्यावर कुठे विरळ दिसला, की सरळ नवीन. माझा पहिला स्पंज काठाशी सुटायला लागला तेव्हा मी दोन रविवार उगाच ओढले. भीती एवढी, की दर फेरीनंतर अण्णांसारखं नळीत बोट घालून बघत होतो.

बाकी चुका संपल्यात असं नाही. मागच्या महिन्यात सगळं साग्रसंगीत केलं, निळा स्पंज, ग्रीस, बोल्ट, आणि रानात गाडी सुरूच होईना. अर्धा तास झटापट, प्लग काढून पुसून झाला, मित्रांचे सल्ले ऐकून झाले. शेवटी अण्णांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "साहेब, फडकं कुठाय?"

आता फडक्याला हातभर लाल नाडी शिवलीय. बायकोनंच शिवून दिली.